तेहतीस फूट पाच इंच

टेपचं एक टोक विटेखाली दाबून उत्तमराव पाठमोरे सरकत गेले, पलीकडच्या पांढऱ्या रेघेपाशी उकिडवे बसले आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मग तो पुन्हा डोळ्यांवर घेतला. टेप गुंडाळून त्यांनी पहिल्यापासून परत मोजलं.

"शहाऐंशी फूट एक इंच," ते म्हणाले. "अहो, बास्केटबॉलचं मैदान पंच्याऐंशी फुटांचं असतं. हे कोणी आखलं?"

"मी आखलं," हरिहर अण्णा म्हणाले. यापुढे कोणी काही विचारायचं नाही, असा तो सूर होता.

पाडव्याची दुपार होती. खोपटला मंडळाच्या मोकळ्या मैदानावर माटुंग्याच्या एका कॉलेजचा बास्केटबॉलचा संघ मुंबईच्या दुसऱ्या एका संघाशी प्रदर्शनी सामना खेळायला आला होता, आणि हा खेळ असतो तरी कसा ते बघायला निम्मं ठाणं जमलं होतं. उत्तमराव मुंबईहून आलेले पंच. हे गृहस्थ जातील तिथं स्वतःचा टेप घेऊन जायचे आणि आधी मैदान मोजल्याशिवाय शिट्टीला हात लावायचे नाहीत. पण ठाण्यात येऊन हरिहर अण्णांचं माप चुकलं म्हणायचं, म्हणजे जरा अतीच झालं. अण्णांनी मोजणीखात्यात अठ्ठावीस वर्षं नोकरी केली होती. जमलेल्या मंडळींत हशा पिकला.

"तुमचा टेप आटला असेल," अण्णा मिशीत हसत म्हणाले.

"पोलादी आहे, अण्णासाहेब. तो आटतही नाही आणि वाढतही नाही. तुम्ही कशानं मोजलंत?"

"साखळीनं. मोजणीची, तेहतीस फुटी."

"मग आणा बघू ती इकडं."

अण्णांनी खांबाला टेकवलेली कॅनव्हासची पिशवी उघडली आणि साखळी टेपला लागून जमिनीवर पसरली. उत्तमरावांनी एक टोक धरलं, दुसरं अण्णांनी. साखळीची मूठ टेपवरच्या तेहतीसच्या आकड्याला ओलांडून पुढे गेली होती. अण्णांना वाटलं, आपण जास्त ओढलं. त्यांनी सैल सोडली, पुन्हा बेताबेतानं ताणली. मूठ होती तिथंच आली.

"तेहतीस फूट पाच इंच," उत्तमराव म्हणाले. अण्णांचा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "कड्या झिजून साखळी लांबते हो. लोखंडच ते शेवटी. काही बिघडलं नाही, तेरा इंच आत घेऊ. अरे, चुन्याची फक्की आणा कोणी तरी!"

झालं, एवढ्यावर बाकीच्यांच्या दृष्टीनं प्रकरण संपलं. "अण्णा, पाडव्याच्या मुहूर्तावर ठाणं पाच इंचांनी वाढवलंत की!" कोणीतरी मागून ओरडलं आणि सगळे खो-खो हसले. अण्णाही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

मैदानाच्या कडेला गुण लिहिणाऱ्याचं टेबल मांडलं होतं. तिथं त्याच कॉलेजात शिकणारा रघू बसला होता. उजवा पाय पालथ्या बादलीवर ठेवून तो खेळाडूंच्या नावांसमोर रकाने आखत होता. हशा ऐकून त्यानं मान वर केली आणि अण्णांकडं बघून तोही मोकळेपणानं हसला. ते हसू बघितलं मात्र, अण्णांची नजर बादलीवरच्या त्या पायावरून पलीकडं गेली. याच मैदानाच्या कडेकडेनं धावण्याची पट्टी होती, आणि ती त्यांनी याच साखळीनं मोजली होती.

रघू कोपरीच्या सखुबाईचा मुलगा. बाप लहानपणीच गेलेला. आईनं मिठागरात पाट्या वाहिल्या, खाडीकाठच्या खारीतलं भातशेत राखलं आणि पोराला इंटर सायन्सपर्यंत आणलं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी अण्णा खाडीकडं फिरायला गेले असताना हा पठ्ठ्या बगलेत वह्या मारून मिठागराच्या बांधावरून गाडी पकडायला धावत येत होता. बांध वीतभर रुंद, दोन्ही बाजूंना खारं पाणी. आणि हा असा येत होता, जसा काही घरच्या ओटीवर चालतोय. अण्णा बघतच राहिले. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, अण्णांनी शिट्टी आणि स्टॉपवॉच जवळ केलं होतं. जिल्ह्याच्या संघटनेनं त्यांना धावण्याचे मान्य पंच नेमलं होतं. तिसऱ्या दिवशी रघू मंडळाच्या मैदानावर हजर होता.

पट्टी अण्णांनी स्वतः आखली होती. चाळीस साखळ्यांची एक फेरी, म्हणजे बरोबर पाव मैल. चार फेऱ्या म्हणजे मैल. साखळीबद्दल शंका घ्यायचं कोणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. नोकरीभर अण्णांच्या खांद्यावर तीच होती. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी तिलाच झेंडूचा हार घालून ती त्यांच्या हातात दिली होती. दर दसऱ्याला त्यांच्या पत्नी सुमतीबाई तिला चिंचेनं घासून लखलखीत करायच्या आणि अण्णा पाटावर मांडून तिची पूजा करायचे. हळदकुंकू वाहिलेल्या वस्तूला कोणी पट्टी लावून बघतं का?

गेल्या वर्षी वसंत पंचमीच्या सुमाराला कॉलेजातून पत्र आलं. विद्यापीठाच्या सराव-शिबिरासाठी मुलं निवडायची होती. मैलाची शर्यत चार मिनिटं पस्तीस सेकंदांच्या आत धावणाऱ्याचं नाव पुढं जाणार. बाहेरगावच्या मुलांनी आपल्या गावच्या मान्य पंचाकडून वेळ लिहून आणली तरी चालेल, मुदत शिवरात्रीपर्यंत. ठाण्यात मान्य पंच एकच होते. रघूनं ते पत्र अण्णांच्या हातात दिलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"होईल ना, अण्णा?"

"मला काय विचारतोस? घड्याळाला विचार," अण्णा म्हणाले. पण त्या दिवसापासून त्यांना स्वतःलाच झोप लागेना.

पहिल्या आठवड्यात चार एक्केचाळीस. दुसऱ्यात चार एकोणचाळीस. मग एका बुधवारी चार अडतीस, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा चार अडतीस. तिथून घड्याळ काही हलेना. रघू शेवटच्या वळणावर असा यायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. रेघ ओलांडून गुडघ्यांवर हात टेकायचा आणि मान वर करून फक्त अण्णांच्या अंगठ्याकडं बघायचा. अण्णा म्हणायचे, "अडतीस." तो म्हणायचा, "बरं." याहून जास्त बोलणं व्हायचं नाही.

शिवरात्र चार दिवसांवर आली तेव्हा कॉलेजच्या जिमखान्याचे सर मुद्दाम ठाण्याला आले. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"अण्णा, पोरगा शिबिरात गेला तर नाव काढील. तीन-चार सेकंदांचं काय एवढं? चौतीस लिहून टाका. कोण बघायला येतंय?"

अण्णा ताडकन उठले. "अठ्ठावीस वर्षांत मी कोणाच्या बांधावर एका इंचाची लबाडी केली नाही," ते म्हणाले, "आणि आज या मुलासाठी करू? तीन सेकंद म्हणजे तीन सेकंद. निघा तुम्ही."

सर हिरमुसले होऊन गेले. ही गोष्ट ठाण्यात दोन दिवसांत घरोघरी झाली आणि भाजीबाजारात लोक अण्णांना वाकून नमस्कार करू लागले. सुमतीबाई तेवढ्या म्हणाल्या, "तुमचं सगळं खरं. पण त्या पोराचं तोंड बघवत नाही मला." अण्णांनी पेपर डोळ्यांसमोर धरला. मनातून मात्र ते स्वतःवर खूश होते, हे कबूल करायला हवं.

रघूला कळलं तेव्हा तो म्हणाला, "बरोबर केलंत, अण्णा. खोटी वेळ नकोच मला. मी काढतो तीन सेकंद."

आणि तो ते तीन सेकंद काढायच्या मागं लागला. सकाळी पळायचा, संध्याकाळी पळायचा. दुपारी कॉलेजच्या जिन्यावरून चढ-उतार करायचा. उजव्या टाचेची मागची शीर सुजली, त्यावर आंबेहळद लावून पट्टी बांधली आणि वर मोजा चढवला, म्हणजे अण्णांना दिसायला नको. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी तो शेवटच्या प्रयत्नाला उभा राहिला. दोन फेऱ्या अशा झाल्या की अण्णांनी घड्याळ कानाला लावून बघितलं. तिसऱ्या फेरीच्या वळणावर, वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तो आवाज अण्णांना रेघेपाशी उभं राहून ऐकू आला. रघू दोन पावलं एका पायावर गेला आणि बसला. ओरडला नाही.

डॉक्टरांनी पाय तपासला, बाहेर येऊन हात धुतले. "चालेल व्यवस्थित," ते म्हणाले. "पळायचं विसरा म्हणावं."

यावर पोरगं रडेल, चिडेल, निदान आठ दिवस तोंड दाखवणार नाही, असं सगळ्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. काठी टेकत टेकत तो कॉलेजात जायला लागला. धावायच्या मैदानाकडं मात्र तो पाठ करून बसायचा, आणि पाठ करून बसायला जे बाक होतं ते नेमकं बास्केटबॉलच्या मैदानासमोर होतं. असा त्याला तो खेळ लागला. महिन्याभरात तो संघाचे गुण लिहू लागला. कोणत्या कॉलेजनं कोणाला किती गुणांनी हरवलं, ते सगळं त्याला तोंडपाठ. रविवारी अण्णांच्या ओसरीवर येऊन तो हातवारे करून अख्खा सामना सांगायचा. "अण्णा, शेवटचं मिनिट हं, एका गुणानं मागं, आणि आमच्या उंच्यानं असा बॉल घेतला की..." अण्णांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, तरी ते ऐकत बसत. पोरानं हार कशी पचवली बघा, असं त्यांना वाटायचं. खरं काय ते सोसायला आपण याला शिकवलं, असंही वाटायचं. हा सामना ठाण्यात आणायची खटपटही रघूचीच, म्हणून अण्णांनी हौसेनं साखळी खांद्यावर टाकून मैदान आखून दिलं होतं.

रेघा पुसून नव्या मारल्या गेल्या. उत्तमरावांनी शिट्टी फुंकली. चेंडू वर उडाला आणि लोकांनी एकच गलका केला. अण्णा पहिल्या रांगेतल्या मानाच्या खुर्चीवर बसले होते. त्यांना समोर फक्त पायच पाय पळताना दिसत होते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि कार्यक्रमपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. हात नको म्हणत होता, पण आकडेमोडीची सवय जुनी होती.

एका साखळीला पाच इंच. फेरीला चाळीस साखळ्या, म्हणजे दोनशे इंच. चार फेऱ्यांचे आठशे. सहासष्ट फूट आठ इंच. म्हणजे बावीस यार्ड. रघूचा मैल मैलापेक्षा बावीस यार्ड मोठा होता. त्याच्या वेगानं तेवढ्याला साडेतीन सेकंद लागत. चार अडतीसमधून साडेतीन गेले की राहिले चार मिनिटं साडेचौतीस सेकंद.

अण्णांनी तो आकडा खोडला आणि परत मांडला. परत तोच आला. बाजूच्या खुर्चीवरचे गृहस्थ त्यांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "काय उडी मारली हो त्या पोरानं!" अण्णांनी मान हलवली.

मध्यंतरात त्यांनी उत्तमरावांचा टेप मागून घेतला. लोक पाणी प्यायला पांगले, परत आले, दुसरा डाव सुरू झाला, तोवर अण्णा पट्टीवर पोचले होते. टेपचं टोक विटेखाली ठेवायचं, शंभर फूट जायचं, खूण करायची, वीट उचलून पुढं आणायची. पाडव्याचं धुतलं धोतर मातीत लोळत होतं. मागून टाळ्यांचा कडकडाट येत होता. शंभराचे तेरा झाले आणि वर छत्तीस फूट आठ इंच. फेरी तेराशे वीस फुटांची हवी होती. सोळा फूट आठ इंच जास्त होते, आकडेमोडीत आले होते तेवढेच. एक इंच इकडं नाही की तिकडं नाही.

अण्णा तिथंच खाली बसले.

"अरे देवा," ते मोठ्यानं म्हणाले. "काय करून बसलो मी हे!"

त्या बुधवारीच पोरगा शिबिराला पात्र ठरला होता. मंगळवारी पुन्हा एकदा ठरला होता. आणि अण्णा घड्याळ हातात धरून त्याला सांगत होते, अडतीस, अडतीस. सरांना घराबाहेर काढलं, त्याची आठवण झाली आणि अण्णांना स्वतःची अशी किळस आली की त्यांनी डोळे मिटून घेतले. साऱ्या ठाण्यात खरी वेळ लिहायला तयार असलेला माणूस एकच होता, तो चहा पिऊन हिरमुसला होऊन गेला. काटकी मोडल्याचा तो आवाज त्यांना पुन्हा ऐकू आला.

सामना संपल्याचा जल्लोष झाला. थोड्या वेळानं रघू लंगडत पट्टीवरून येताना दिसला.

"अण्णा! अहो, तुम्ही कुठं गायब? एका गुणानं जिंकलो! एक्केचाळीस-चाळीस! शेवटच्या..." तो थांबला. "काय झालं? चक्कर आली का?"

"नाही रे. बसलो होतो जरा."

"चला, आई वाट बघत असेल. पाडव्याचं जेवायला तुम्ही येणार म्हणून ती सकाळपासून मागं लागलीय माझ्या."

अण्णांनी टेप परत केला आणि पिशवी उचलली. टांग्यात बसताना रघू म्हणाला, "साखळी कशाला घेताय? मंडळात राहू दे की."

"असू दे," अण्णा म्हणाले. कोपरी येईपर्यंत रघू सामन्याचंच बोलत होता. अण्णा पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

ऊन कलायला आलं होतं. सखुबाई दारातली गुढी उतरवत होती. तिनं काठीला बांधलेली साखरेची गाठी सोडली, पदर सावरला आणि हसून म्हणाली, "या अण्णा, या. आज आमचे घराला पाय लागलं तुमचं. बसा. भाकऱ्या टाकते गरम गरम."

"भाकऱ्या राहू द्या, सखुबाई. तुम्हीही बसा. मला दोघांशी बोलायचं आहे."

तिनं रघूकडं बघितलं. रघूनं खांदे उडवले. ती उंबऱ्याला टेकून बसली, रघू भिंतीला पाठ लावून सतरंजीवर. अण्णा उभेच राहिले. उभ्यानंच त्यांनी सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं न करता, कचेरीत साहेबासमोर सांगावं तसं. साखळी किती वाढली, फेरी किती वाढली, मैल किती वाढला.

रघू ऐकत होता. पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर मैदानावरचंच हसू होतं. मग त्याचे ओठ हलायला लागले. तो हिशेब करत होता.

"बावीस यार्ड," तो म्हणाला. "म्हणजे अडतीसचे..."

"चौतीस. साडेचौतीस."

"तो बुधवार?"

"तो बुधवार. आणि पुढचा मंगळवार."

"म्हणजे झालं होतं माझं," रघू म्हणाला. आवाज अगदी साधा होता, वाट विचारावी तसा. "म्हणजे शेवटच्या दिवशी पळायचं कारणच नव्हतं."

"नव्हतं," अण्णा म्हणाले.

रघूनं पायाकडं बघितलं नाही. त्यानं आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. मग त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"मी तुम्हाला काही बोलत नाही, अण्णा," तो म्हणाला. "पण थोडा वेळ माझ्याकडं बघू नका."

अण्णांनी मान खाली घातली. "मी उद्याच कॉलेजात जातो," ते म्हणाले. "विद्यापीठाला लिहून देतो. चूक माझी आहे, वेळ खरी होती. सही-शिक्क्यानिशी देतो."

"आणि पळणार कोण?" रघू भिंतीलाच म्हणाला.

बाहेर गल्लीत कोणाकडं तरी पाडव्याची पाहुणेमंडळी आली होती, त्यांचा हसण्याचा आवाज येत होता. सखुबाईच्या हातात अजून गाठी होती. सेकंदांचं तिला किती समजलं होतं कोण जाणे. तिनं लेकाच्या पाठीकडं बघितलं. मग गाठी खाली ठेवून तिनं हात लांब केला आणि अण्णांच्या पायाशी पडलेली पिशवी ओढली. साखळी बाहेर काढली. एक एक कडी बोटांनी चाचपून बघितली.

"हीच का ती?"

"हीच."

"ही लांब झाली. म्हंजे हिनं मोजलं तं कमी भरतं."

"हो," अण्णा म्हणाले. मैदानावर एवढी शिकलेली माणसं होती, त्यांतल्या एकाच्याही डोक्यात हे इतकं सरळ आलं नव्हतं.

"जमीन मोजली तरी?"

अण्णांनी मान वर केली.

"तुमीच आलेलात आमचे खारीवं," सखुबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती आठवून आठवून बोलत होती. "बेचालीस साली. दिराची नि आमची वाटनी व्हती तवा. मी बांधावं माती टाकत व्हते. माजा सासरा सांगं, चालीस गुंठं हाय, माज्या बापानं राखलंय. तुमी मोजलं तं एकोनचालीस भरलं, कागदावं बी तवढंच चढलं."

अण्णांना ती मोजणी आठवत नव्हती. अशा हजारो झाल्या होत्या. पण आकडे त्यांच्या मनात आपोआप मांडले गेले. तेहतीसला पाच इंच, लांबीला तेवढं, रुंदीला तेवढं. चाळीसाचे एकोणचाळीस. बरोबर एक गुंठा. म्हणजे साखळी बेचाळीस सालीच इतकी वाढलेली होती. कचेरीच्या आवारात तेहतीस फुटांवर दोन दगड पुरलेले असत. दर महिन्याला साखळी त्यांच्यावर ताणून बघायची आणि नोंदवहीत लिहायचं, तपासली, बरोबर. पहिली काही वर्षं अण्णांनी ती ताणून बघितली होती. पुढं ते नुसतंच लिहीत गेले. आपली साखळी ती, चुकणार कशी?

"याच साखळीनं मोजलं व्हतं का, अण्णा?"

त्यावेळी दुसरी होती, असं म्हटलं असतं तर तिला कळणार नव्हतं. कोणालाच कळणार नव्हतं. अण्णांच्या जिभेवर ते आलंही होतं.

"याच," ते म्हणाले.

रघूनं भिंतीकडून तोंड फिरवलं.

"सासरा मरेपरतून एकच बोलत व्हता," सखुबाई म्हणाली. "माजा एक गुंठा गेला कुटं? सगला गाव हसला त्याला. सरकारची साखली कंदी खोटी असते का, म्हनून मी बी हसले." तिनं साखळी हळूच खाली ठेवली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. पायात वहाणा सरकवल्या.

"आये, कुठं चाललीस?" रघूनं विचारलं.

"काळुरामला बोलवते. त्याची बी तवाच मोजली. आन् नाथाची. पलीकडं रखमाबाय हाय, तिची पन." दारातून वळून ती अण्णांना म्हणाली, "जाऊ नका हां, अण्णा. तुमी सांगा त्यांना, मगाशी आमाला सांगितलंत तसं. आमी सांगून कोन आयकनार नाय."

ती गेली. गल्लीत तिची हाक ऐकू आली, मग दुसऱ्या एका दाराची कडी वाजली. रघू भिंतीचा आधार घेत उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते.

"अण्णा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "मागच्या दारानं निघा. बांधावरून सरळ स्टेशन येतं. तुमच्या जिवाला बरं वाटत नव्हतं, असं मी सांगतो तिला."

मागचं दार उघडंच होतं. त्यातून मिठागराचा बांध दिसत होता, पार खाडीपर्यंत गेलेला, आणि त्याच्या दोन्ही अंगांना संध्याकाळच्या उजेडात मिठाचे ढीग. अण्णांनी तिकडं बघितलं. मग टोपी काढून खुंटीवर अडकवली आणि आल्यापासून पहिल्यांदाच खाली बसले. गल्लीतून पावलांचा आवाज जवळ येत होता, तीन-चार माणसांचा तरी असावा. अण्णा सतरंजीच्या कडेला सरकले आणि येणाऱ्यांसाठी त्यांनी जागा केली.